इअरमफ: मिक्सर-फटाक्यांना पुरतात, डॉल्बीपुढे कमी पडतात

निकाल आधीच सांगून टाकू. आवाजाने हैराण होणाऱ्या ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलासाठी लहान मापाचा, बिनबॅटरीचा, साधा इअरमफ, म्हणजे पट्टीला जोडलेल्या दोन कपांनी कान झाकणारं साधन, घरात असावाच. मिक्सर, कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, शेजाऱ्याकडचं टाइल्स कापायचं मशीन, कार्यालयातला बँड, दिवाळीतले फटाके एवढ्या सगळ्यांत तो उपयोगी पडतो. पण अनंत चतुर्दशीला कोल्हापुरात महाद्वार रोडवर डॉल्बीच्या भिंतीसमोर पोराला मिरवणूक दाखवता यावी म्हणून कुणी घेणार असेल, तर घेऊ नये. त्या कामाला तो बनलेलाच नाही. हे दुकानदार सांगत नाही, खोक्यावरही लिहिलेलं नसतं, आणि श्रावण लागला की पालकांमध्ये तोच प्रश्न फिरायला लागतो: कुठला घेतला तर मिरवणुकीत चालेल?

कानावर हात ठेवणं हा हट्ट नव्हे, हे नातेवाइकांना सांगून दमलेल्यांसाठी एक आधार: २०१३ साली डीएसएम-५ हे मानसिक व विकासात्मक विकारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक आलं तेव्हापासून आवाज, उजेड, स्पर्श यांना प्रमाणाबाहेर जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे. तरीही मफ मागवण्याआधी एकदा कान तपासून घ्यावेत. जे मूल बोलून सांगत नाही, त्याचा कान ठणकत असेल, मळ घट्ट बसला असेल किंवा सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं असेल, तरी ते कानावर हातच नेतं. सवय अचानक लागली असेल, एकाच कानाशी चाळा असेल, उशीवर डाग दिसत असेल, तर आधी ईएनटी. खासगी परवडत नसेल तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहेच. निदानाच्या वेळी केलेल्या ओएई किंवा बेरा या श्रवणचाचण्यांचा जुना रिपोर्ट इथे पुरत नाही. ऐकू कमी येत नाही एवढंच त्यातून कळतं. आवाज किती खुपतो याचा त्यात पत्ता नसतो.

बाजारात चार-पाच वेगळ्या वस्तू ‘हेडफोन’ या एकाच नावाखाली मिळतात, आणि निम्मी फसगत तिथेच होते.

स्वस्त आणि लगेच हातात मिळणारा प्रकार म्हणजे कारखान्यातला मफ. कोल्हापूर फाउंड्रीचं गाव, त्यामुळे उद्यमनगरातल्या सेफ्टीच्या दुकानांत फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, बसणारे कामगार वापरतात ते मफ काउंटरवर टांगलेले असतात. साधारण तीनशेपासून हजारापर्यंत किंमत. माल वाईट नाही, आवाज अडवण्याचं काम तो चोख करतो, पण मोठ्या माणसाच्या डोक्यावर. सहा-सात वर्षांच्या मुलाला घातला की पट्टी सगळ्यात लहान करूनही कप कानाखाली उतरतात, आणि जबड्याच्या मागे, मानेच्या खळग्याशी फट राहते. बोटाएवढ्या फटीतून मफचं अर्धं काम वाया जातं. मूल दहा-अकराचं असेल आणि डोकं मोठं असेल तर मात्र आधी इथेच जावं. मुलाला सोबत न्यावं, नाहीतर डोक्याचा घेर आणि एका कानाच्या भोकापासून माथ्यावरून दुसऱ्या कानाच्या भोकापर्यंतचं अंतर टेपने मोजून न्यावं.

लहान मुलांचे मफ बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. नामांकित कंपनीचा दीड ते तीन हजारांच्या घरात येतो; बिननावाचे पाचशे-सातशेलाही असतात. बिननावाच्या मफचा धोका रंगात किंवा प्लास्टिकमध्ये नाही, लेबलात आहे. खोक्यावर ईएन ३५२-१ किंवा एएनएसआय एस३.१९ यांपैकी एकतरी मानक लिहिलेलं हवं. नुसतं ‘३४ डीबी नॉइज रिडक्शन’ असं ठळक छापलेलं असेल आणि मानकाचा पत्ता नसेल, तर तो आकडा जाहिरातीचा समजावा.

तिसरा प्रकार बॅटरीवाला, एएनसी म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंगचा. एसटीच्या इंजिनाची घरघर, पंखा, एसी, पाण्याची मोटर अशा एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर हा साध्या मफपेक्षा सरस ठरतो. अचानक येणाऱ्या आवाजाला मात्र तो पुरा पडत नाही: फटाका, ताशा, कुत्र्याचं भुंकणं, दुसऱ्या मुलाची किंकाळी. शिवाय काही मुलांना एएनसी चालू केल्यावर घाट चढताना कानात दडे बसतात तसं वाटतं आणि ती हेडफोन भिरकावतात. चार्जिंग ऐन वेळी संपतं ते वेगळंच. आणि एक पक्की खूणगाठ: खोक्यावर ‘ईएनसी’ लिहिलेलं असेल तर ते तुमच्या कानासाठी नसतं. फोनवर बोलताना समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट ऐकू जाऊ नये म्हणून माइकला केलेली ती सोय आहे. स्वस्त हेडफोनच्या जाहिरातीत एएनसी आणि ईएनसी इतके शेजारी-शेजारी बसवतात की शिकलेला माणूसही गंडतो.

कानात घालायचे प्लग मुलाने स्वतः मागितले तरच. वस्तू तोंडात घालायची सवय असलेल्या मुलाच्या हाती फोमचा प्लग देऊच नये. घशात अडकेल अशाच मापाचा तो असतो. बरोबर बसवायचा तर तो बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. स्पर्शाला बिचकणाऱ्या मुलाबरोबर हे करून बघण्यात अर्थ नाही. किशोरवयीन मुलं मात्र मफपेक्षा सिलिकॉनचे प्लग पसंत करतात, कारण ते वर्गात कुणाला दिसत नाहीत.

आणि ‘कमाल ८५ डेसिबल’ असं लिहिलेले मुलांचे रंगीत हेडफोन? ती मर्यादा त्यातून वाजणाऱ्या गाण्यावर असते. बाहेरच्या आवाजाशी तिचा संबंध नाही.

आता लेबलवरचे आकडे. मफ किती डेसिबल आवाज अडवतो हे सांगणारा आकडा अमेरिकी लेबलवर एनआरआर नावाने असतो, युरोपी लेबलवर एसएनआर नावाने, आणि एकाच मफचा एसएनआर नेहमी मोठा दिसतो. त्यामुळे दोन मफची तुलना करताना एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर लावू नये. मुलांच्या चांगल्या मफचा एनआरआर विशीच्या आसपास असतो. २२ धरा. हे २२ प्रयोगशाळेतले, मफ नीट बसवलेल्या, शांत बसलेल्या माणसावर मोजलेले. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचं सावध गणित असं: आवाज ए-वेटेड, म्हणजे माणसाच्या कानाला जुळवलेल्या, डेसिबलमध्ये मोजला असेल, जसा तो साध्या मीटरवर दिसतो, तर लेबलच्या आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचे निम्मे करा. २२ चे राहिले साडेसात. नीट बसला तर मफ याहून चांगलं काम करतो, पण सारखं डोकं हलवणाऱ्या, चष्मा असलेल्या मुलासाठी दहा-बारा डेसिबलच्या वर हिशेब धरू नये. मिक्सर नव्वदच्या आसपास ओरडतो, त्यातून दहा-बारा गेले तरी तो सहन होण्याजोगा होतो. म्हणून घरात मफ कामाचा.

एसएनआरच्या शेजारी एच, एम, एल अशी तीन अक्षरं आणि तीन आकडे असतात. ते बहुतेक जण वाचत नाहीत, आणि डॉल्बीचं सगळं उत्तर तिथेच आहे. एच म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज, एम मधला, एल खालचा. एल नेहमी सगळ्यात लहान असतो, कित्येकदा एचच्या निम्माच. कपातला फोम आणि हवा शिट्टी, किंकाळी, झांजा अडवतात. बेसच्या लांब लहरी त्यांना दाद देत नाहीत. डॉल्बीच्या ट्रॉलीवरचे मोठे स्पीकर नेमका हाच तळाचा आवाज ढकलतात. भरीला हा आवाज कानाबरोबरच छातीने, पोटाने, पायाखालच्या रस्त्यानेही पोहोचतो. खिडक्यांची तावदानं थरथरतात तिथे कानावर काय घातलंय याला फारसा अर्थ उरत नाही. मफ घातल्यावर वरचे सूर गळतात आणि धडधड तेवढी शिल्लक राहते. काही मुलांना ती आधीपेक्षाही भेसूर वाटते.

कानाच्या इजेचाही हिशेब आहे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने कामगारांसाठी ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा ठेवली आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९४ ला एक, १०० ला फक्त १५ मिनिटं. ही मोठ्या माणसांची मर्यादा. डॉल्बीच्या तोंडाशी शंभरी सहज ओलांडलेली असते, तिथे मफचे दहा-बारा वजा करूनही पोराला तासभर उभं करण्यासारखं काही उरत नाही. फटाक्याचं वेगळं: कायद्याने परवानगी असलेला फटाकाही ४ मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत वाजू शकतो, पण तो क्षणाचा असतो, त्यात वरच्या पट्टीचा भाग भरपूर असतो आणि आपण घरात दार लावून बसू शकतो. मफ अधिक बंद दार एवढ्यात दिवाळी निभते.

मफ बसला की नाही हे ओळखायची सोपी रीत आहे. स्वयंपाकघरात मिक्सर लावा आणि मोठ्या माणसाने तो मफ आधी स्वतःच्या कानावर घालून, एका बाजूच्या कपाची कड बोटाने किंचित उचलावी. आवाज एकदम वाढला म्हणजे मफचं सील चांगलं आहे. काहीच फरक पडला नाही तर ते आधीच फुटलेलं आहे. मग मुलावर बघताना कपाच्या कडेभोवती बोट फिरवायचं: चष्म्याची काडी, कानावर आलेली बट, वेणीचा पेड, टोपीची कड यांतलं काहीही कपाच्या गादीखाली असता कामा नये. टोपी मफच्या वरून घालायची. मुलींचे डूल किंवा रिंगा काढून ठेवाव्यात. अर्ध्या तासाने त्या टोचायला लागतात, मूल मफ फेकतं आणि आपण म्हणतो त्याला मफ आवडत नाही. नवा मफ घट्ट असतो. तो सैल करण्यासाठी रात्रभर डब्यावर ताणून ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण पट्टीच्या दाबावरच सील टिकतं. एकदा जास्त ताणला की तो परत आवळत नाही. त्यापेक्षा सुरुवातीला घालायचा वेळ कमी ठेवावा.

सवय लावण्यात सगळ्यात जास्त चुका होतात, आणि बहुतेक एकाच कारणाने: मफ पहिल्यांदा गोंगाटात घातला जातो. मुलाच्या डोक्यात मग गणित बसतं की हे डोक्यावर आलं की काहीतरी भयंकर वाजतं. पहिला आठवडा आवाजाच्या वेळी मफ घालायचाच नाही. तो खेळण्यांत पडलेला असू दे. मूल गादी दाबेल, चाटेल, पट्टी वाकवेल. मग बाबांच्या डोक्यावर, बाहुलीच्या डोक्यावर, मग मुलाच्या, पाच आकडे मोजेपर्यंत, आणि आपणच काढायचा, त्याने ओढून काढण्याआधी. पुढे आवडीचं काहीतरी चालू असताना, चित्रं किंवा पाण्यातला खेळ, दोन मिनिटं, पाच मिनिटं. ते जमलं की लांबच्या खोलीत मिक्सर लावायचा. दृश्य वेळापत्रक, म्हणजे दिवसाचा क्रम दाखवणारी चित्रांची कार्डं, वापरत असाल तर बाजारी चिन्हाऐवजी त्याच मफचा फोटो काढून वेलक्रोवर लावा, आणि ‘घाल’च्या बरोबरीने ‘काढ’ हेही कार्ड द्या. जे काढून मागता येतं ते मूल घालायला तयार होतं. मेल्टडाऊन, म्हणजे असह्य होऊन मुलाचा ताबा सुटणं, सुरू झाल्यावर मात्र डोक्यावर मफ दाबू नये. त्या घडीला स्पर्शच सोसत नाही. हाताशी ठेवावा, बस्स.

एक तक्रार पालकांना कोड्यात टाकते: जेवताना मूल मफ ठेवतच नाही. त्यात मुलाचं काही चुकत नाही. कान झाकले की स्वतःचं चावणं, गिळणं, बोलणं आतून मोठं ऐकू येतं. मफ घालून पापड खाऊन बघा. लग्नाच्या पंगतीत म्हणून मफपेक्षा बँडपासून लांबचं टेबल बरं. याच कारणाने गुणगुणायची सवय असलेली मुलं मफ घातल्यावर जास्त मोठ्याने गुणगुणतात, आणि त्यांना ते आवडतं. आवडू दे.

दिवसभर मफ ठेवायचा का, यावर मतं वेगळी आहेत. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) सांगतात की कान सतत झाकलेले राहिले तर साधे आवाजही जास्त टोचू लागतात, म्हणून शांत ठिकाणी काढून ठेवायची सवय हवी. आपल्याबद्दल आता स्वतःच लिहू-बोलू लागलेली ऑटिस्टिक मोठी माणसं त्याला पुस्ती जोडतात: केव्हा काढायचा हे आम्हाला ठरवू द्या. दोन्ही गोष्टी एका घरात बसू शकतात. ठिकाणं ठरवून टाका, म्हणजे शाळेत स्नेहसंमेलन, अंबाबाईच्या देवळातली घंटा, जोतिबाच्या यात्रेतली हलगी, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. आणि घरात ठेवायची जागा एकच, मुलाच्या हाताला लागेल अशी.

या विषयाच्या कडेकडेने ‘लिसनिंग थेरपी’चे महागडे हेडफोन विकले जातात, खास संगीत ऐकवून कान ‘सुधारवणारे’. त्यावर पैसे घालू नयेत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने १९९८ सालीच ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंग या अशाच उपचाराला पुरेसा पुरावा नसल्याचं सांगितलं होतं, आणि संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यातही तो सापडला नाही. तेवढ्या पैशांत चांगले दोन मफ आणि ओटीची काही सेशन्स होतात.

रस्त्यावर जपून. मफ घातलेल्या मुलाला हॉर्न उशिरा कळतो, आणि हात सोडून पळणाऱ्या मुलाला मागून मारलेली हाक तर पोहोचतच नाही. गर्दीत मफ घातला की हात सोडायचा नाही हा नियम. पट्टीच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही असा, पालकांच्या मोबाइल नंबरचा स्टिकर लावावा. दुचाकीवर मफ आणि हेल्मेट एकत्र बसत नाहीत. हेल्मेट सोडायचं नाही, मफ पोहोचल्यावर घालायचा.

निगा थोडीच, पण आपल्याकडे एक खास अडचण आहे: डोक्याला चोपडलेलं खोबरेल. तेलाने गादीचं आवरण कडक होतं, मग शिवणीजवळ बारीक चिरा पडतात आणि तिथून सील जातं. मफ घालायचा असेल तर आदल्या रात्री तेल लावू नये, निदान कानाभोवती तरी नको. पुसायला सौम्य साबणाचं पिळलेलं फडकं. सॅनिटायझर किंवा स्पिरिट नको, त्याने गादी सुकून तडकते. कपातला फोम भिजू द्यायचा नाही. जोतिबाला जाऊन आलात तर गादीच्या खाचेतला गुलाल कोरड्या ब्रशने झाडावा, ओल्या फडक्याने तो आणखी आत बसतो. रोज वापर असेल तर गादी आणि फोम साधारण सहा महिन्यांनी बदलावे लागतात. म्हणून घेतानाच बघायचं की त्या मॉडेलचं हायजीन किट, म्हणजे बदलायच्या गाद्या आणि फोम, सुटं मिळतं का. बिननावाच्या मफचं मिळत नाही, आणि मग स्वस्त माल वर्षात दोनदा विकत घ्यावा लागतो.

राहिली विसर्जन मिरवणूक. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मिरजकर तिकटी, बिनखांबी, महाद्वार, पापाची तिकटी या रस्त्यांवर दोन्हीकडच्या इमारतींवर आपटून तो तितकाही उतरत नाही. गल्लीत आत वळलं की वरचे सूर गळतात, बेस कोपऱ्याला वळसा घालून येतोच. मार्गावरच घर असेल तर मागची खोली, दारं बंद, पंखा किंवा कूलर मोठ्यावर ठेवून त्याचा एकसुरी आवाज, मफ जवळ. आणि याने भागत नसेल तर त्या रात्री घर सोडणं. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, पाहुण्यांचं गाव असेल तर उत्तमच. मुलाला गणपती बघायचाच असेल तर चतुर्थीनंतरच्या चार-पाच दिवसांत, सकाळी नऊच्या आत, मंडपात डेक बंद असताना. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे, आणि सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस तो १२ पर्यंत सैल करू शकतं. बारानंतरही वाजत असेल तर ११२ ला फोन करता येतो. गल्लीतल्या मंडळाशी मात्र आधी, दिवसाउजेडी, कार्यकर्त्यांना भेटून बोलावं. आमच्या दारासमोर ट्रॉली थांबवू नका, पुढे काढा, एवढी नेमकी मागणी ‘आवाज कमी करा’पेक्षा जास्त वेळा ऐकली जाते.

मफ गणपतीच्या आदल्या आठवड्यात मागवू नये. सवय लागायलाच तीन-चार आठवडे जातात, आणि माप चुकलं तर बदलून घ्यायला वेळ हवा. खोकं आलं की आधी परतीची मुदत बघा, प्लास्टिकचं वेष्टन जपून फोडा आणि मिक्सरची चाचणी त्याच दिवशी करा. गादीला तेल किंवा घाम लागल्यावर परत घेत नाहीत.